फी कोणी भरली?

गेल्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. वय वर्षं एकतीस, प्रॉडक्शन इंजिनियर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर स्वारी मुद्द्यावर आली.

"मामा, नोकरी सोडून सहा महिन्यांचा फुल टाइम कोर्स करावा म्हणतोय. डेटा सायन्सचा. तू पण असंच केलं होतंस ना? आई म्हणाली, आधी मामाला विचार."

मी असंच केलं होतं हे खरं आहे. १९९८ साली भोसरीतली मशीनशॉपमधली नोकरी सोडून मी सहा महिने पुन्हा बाकावर बसलो आणि सॉफ्टवेअरवाला झालो. आमच्या घराण्यात ही गोष्ट हिरकणीच्या गोष्टीसारखी सांगतात. त्यामुळे "कर की, मी नाही का केलं!" हे वाक्य जिभेवर आलंही होतं. पण का कोण जाणे, बाहेर पडलं नाही. "शनिवारपर्यंत वेळ दे," म्हटलं आणि फोन ठेवला.

नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहेच. काही प्रश्न पडला की सरळ उत्तर द्यायच्या ऐवजी मी तो आधी कुणाकुणाला पडला होता हे शोधत बसतो. तर हा आठवडा त्यातच गेला. आपापला धंदा सोडून, पुन्हा विद्यार्थी होऊन, कॉम्प्युटरच्या क्षेत्रात शिरलेल्या माणसांचा इतिहास. वाचता वाचता लक्षात आलं की या इतिहासात कोण काय शिकलं हे सगळेच सांगतात, पण त्या शाळेची फी कोणी भरली हे फारसं कोणी सांगत नाही. मग मी तेवढंच शोधलं.

सुरुवातीपासून सुरू करू. या धंद्यातली पहिली पिढी शंभर टक्के बाहेरूनच आली होती. दुसरीकडून येणार कुठून? कॉम्प्युटरची पदवीच नव्हती.

ग्रेस हॉपर बाईंचं घ्या. येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट, व्हॅसर कॉलेजात शिकवत होत्या, सुखात होत्या. डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, कॉलेजातून रजा घेऊन त्या अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. आधी नौदलाचं प्रशिक्षण, आणि मग १९४४ च्या उन्हाळ्यात हार्वर्डला 'मार्क वन' नावाच्या ५१ फूट लांबीच्या धुडासमोर रवानगी. शिकवणारा तरी कोण असणार? यंत्र नवं, धंदा नवा. बाई करत करत शिकल्या, आणि पुढे त्या यंत्राचं मॅन्युअल लिहायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. हे सगळं शिकताना त्यांना पगार मिळत होता. नौदलाचा.

त्यानंतर एनियॅक. साधारण १८,००० व्हॅक्यूम ट्यूबांचं हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आलं. ते चालवायला १९४५ मध्ये सहा तरुणी निवडल्या गेल्या. त्याआधी त्या तोफगोळ्यांच्या मार्गांची आकडेमोड करायच्या, आणि गंमत म्हणजे तेव्हा त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं! माणसाच्या हुद्द्याचं नाव यंत्राला गेलं आणि माणसाला नवा धंदा शिकावा लागला. लष्कराने त्यांना पंचकार्डाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला ॲबर्डीनला पाठवलं. एनियॅकच्या खोलीत जायची परवानगी मिळेपर्यंत त्या नुसत्या आकृत्या पसरून ते कसं चालतं हे शिकल्या. फी लष्कराची.

१९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने 'सेज' नावाची हवाई संरक्षणाची यंत्रणा उभारायला घेतली. तिला इतके प्रोग्रामर लागणार होते की तेवढे देशात नव्हतेच. मग आधी रँड आणि १९५७ पासून तिच्यातूनच निघालेली सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, यांनी माणसं घडवायला सुरुवात केली. कुठली पदवी आहे यापेक्षा डोकं कसं चालतं हे बघणारी अभियोग्यता चाचणी घ्यायची, पास झालेल्याला वर्गात बसवायचं. नाना पेशांतली माणसं अशी आत आली. पैसे हवाई दलाच्या कंत्राटातले.

थोडं विषयांतर. १९५७ साली डाइक्स्ट्रा (हो, तेच, शॉर्टेस्ट पाथवाले) लग्न करायला निघाले. ॲमस्टरडॅमच्या सरकारी कचेरीत व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'प्रोग्रामर' लिहिलं, तर असा व्यवसायच नसतो म्हणून ते मान्य झालं नाही. शेवटी बिचाऱ्यांनी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' लिहिलं तेव्हा लग्न लागलं. आपल्याकडे १९९९ नंतर याच्या नेमकं उलटं झालं, नुसतं 'सॉफ्टवेअर' लिहिलं की लग्न जमायचं :-) असो.

आता आपल्याकडे येऊ. ऑगस्ट १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आला. तो आला कानपूर इंडो-अमेरिकन कार्यक्रमातून, ज्यात अमेरिकेतली नऊ विद्यापीठं कानपूरला मदत करत होती. तिथल्या मंडळींनी एक फार चांगली गोष्ट केली. यंत्र फक्त आपल्या विद्यार्थ्यांपुरतं न ठेवता देशभरातल्या नोकरदार इंजिनियर आणि शास्त्रज्ञांसाठी त्यांनी दहा-दहा दिवसांचे फोरट्रानचे वर्ग घेतले. स्थापत्यवाले, रसायनवाले, भौतिकशास्त्रवाले यायचे, कार्डं पंच करायला शिकायचे आणि परत जाऊन आपापल्या संस्थेत कॉम्प्युटरची कुजबुज सुरू करायचे. नारायण मूर्तीही मुळात इलेक्ट्रिकलचे. म्हैसूरहून पदवी घेऊन कानपूरला एम.टेक.ला आले होते. कंट्रोल इंजिनियरिंग करायचा विचार होता. १९६८ मध्ये अमेरिकेहून आलेल्या एका संगणकतज्ज्ञाबरोबर न्याहारीच्या टेबलावर गप्पा झाल्या आणि गाडीचे रूळ बदलले, असं ते स्वतःच सांगतात. १९८१ मध्ये त्यांनी आणि सहा साथीदारांनी पुण्यात इन्फोसिस काढली ती पुढची गोष्ट.

आणि फकीरचंद कोहली. जन्म १९२४. इलेक्ट्रिकल इंजिनियर, १९५१ पासून मुंबईत टाटा इलेक्ट्रिकमध्ये. विजेच्या जाळ्याचा माणूस. १९६८ साली टीसीएस सुरू झाली आणि १९६९ मध्ये कोहलींना तिथे पाठवलं गेलं. वय ४५! आज ४५ व्या वर्षी एखाद्याने असं केलं तर सोसायटीतले लोक बायकोला बाजूला घेऊन "सगळं ठीक आहे ना?" विचारतील. पण इथेही तेच पाहा, वर्ष बदललं, धंदा बदलला, पगारात खंड पडला नाही. एका टाटांतून दुसऱ्या टाटांत.

म्हणजे हॉपरबाईंपासून कोहलींपर्यंत एक सूत्र आहे. माणसं बाहेरून आली, नव्याने शिकली, पण त्या शिकण्याचा खर्च आणि धोका कुणीतरी मोठ्याने उचलला होता. लष्कराने, सरकारने, कंपनीने. कारण गरज त्यांची होती.

आता माझ्या घरातला इतिहास.

माझे बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेत, सांगलीला. १९६६ ला क्लार्क म्हणून लागले, युनियनचे पक्के. ज्या काळाबद्दल मी बोलतोय तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे नोकऱ्या खाणारा राक्षस अशी सर्वसाधारण भावना होती आणि ती अगदीच वेडगळ नव्हती. १९६० च्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटर बसवू नये म्हणून इमारतीवर पहारे दिले होते. १९८४ हे वर्ष भारतीय मजदूर संघाने संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला. बाबाही मोर्चात असायचे. मी सहावी-सातवीत असेन, गेट मीटिंगहून घसा बसवून घरी यायचे आणि आई मिठाच्या गुळण्या करायला गरम पाणी द्यायची हे मला स्पष्ट आठवतं.

पण याच सगळ्या आरडाओरड्यात, १९८३ मध्ये, बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबद्दल करार झाला. त्यानंतर बँकांच्या शाखांत 'एएलपीएम' दिसू लागली, म्हणजे ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. नाव भारदस्त, काम खातेवहीतल्या नोंदी करायचं. बाबांच्या शाखेत ते १९८७ मध्ये आलं आणि चालवायला कोण शिकणार म्हणून विचारणा झाली, तर हात वर करणाऱ्यांत आमचे पिताश्री! वय ४३.

मी त्या वेळी त्यांना चिडवलं होतं. "बाबा, परवापर्यंत तर मुर्दाबाद होतं." ते शांतपणे म्हणाले होते, "मुर्दाबाद म्हटलं म्हणून तर नीट शिकवतायत." तेव्हा मला हे कोडगं समर्थन वाटलं. अर्थ कळायला पुढची अकरा वर्षं जावी लागली.

कारण दरम्यान एक नवाच प्रकार उभा राहिला होता, खाजगी क्लास. १९८१ मध्ये एनआयआयटी निघाली, १९८६ मध्ये ॲप्टेक. १९९० मध्ये सरकारने डोएक योजना आणली, 'ओ' लेव्हल, 'ए' लेव्हल वगैरे, म्हणजे खाजगी क्लासमध्ये शिकूनही सरकारमान्य प्रमाणपत्र मिळेल. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं. १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० हा महासंगणक तयार केला, आणि १९९३ मध्ये 'ॲक्ट्स' ही शिक्षणाची शाखा काढली. तिचा सहा महिन्यांचा 'डॅक' म्हणजे आम्हा मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाल्यांची पंढरीच. प्रवेश परीक्षा द्यायची, सहा महिने दिवसरात्र घासायची आणि दुसऱ्या जन्मात प्रवेश करायचा. पुण्यात तेव्हा प्रत्येक पेठेत, प्रत्येक चौकात, पहिल्या मजल्यावर कुठला ना कुठला कॉम्प्युटर क्लास होता. खाली वडापाव, वर व्हिज्युअल बेसिक.

या सगळ्यात एक मूलभूत बदल झाला आणि तो इतका सहज झाला की कुणी त्याबद्दल बोललंच नाही. शिकण्याचा खर्च आता शिकणाऱ्याचा झाला. सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं हवी होती, पण निम्मं शिक्षण आणि पूर्ण धोका आता घराघरातून येत होता. कुणाच्या आईच्या पाटल्या, कुणाचं शेत, कुणाच्या वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड.

माझ्या वेळी हेच झालं. १९९८ ला भोसरीत मला महिन्याला साडेपाच हजार पगार होता. कंपनीचं नाव सांगत नाही. ऑर्डरी आटल्या होत्या, महिन्यातून चार-पाच दिवस ब्लॉक क्लोजर असायचं. मी आणि माझा एक मित्र, दोघं एकाच शॉपमध्ये, एकाच स्कूटरवरून जाणारे. दोघांनी मिळून अभ्यास केला. रात्रपाळीत मशीनचा सायकल टाइम अकरा मिनिटांचा असायचा, त्यात कॅनेटकरांचं 'लेट अस सी' उघडायचं आणि जॉब उतरवायची वेळ झाली की मिटायचं. पानांना कूलंटचा वास यायचा. एका संस्थेच्या कोर्सची प्रवेश परीक्षा दिली, दोघंही पास झालो. त्याचा नंबर माझ्या वर होता.

फी पंचेचाळीस हजार. शिवाय सहा महिने पगार नाही, खोलीचं भाडं, मेस. हिशेब केला तर साधारण सत्तर हजार. मी सांगलीला गेलो आणि भीत भीत बाबांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कंपनी पाठवत नाही का?" म्हटलं, नाही बाबा, आता तसं नसतं. ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पीएफमधून पैसे काढायचा अर्ज केला.

मित्राचे वडील वारले होते, धाकट्या दोन बहिणींची शिक्षणं चालू होती, आणि त्याच्या पगारावर घर चालत होतं. तो आला नाही. स्कूटर त्याच्याकडेच राहिली.

त्या सहा महिन्यांबद्दल मी याआधी बरंच लिहिलंय, पुन्हा दळण दळत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा वर्ग, मग लॅब, रात्री कॉट बेसिसवरच्या खोलीत पाच जण पॉइंटरवर वाद घालतायत. हजारात दोन मिलिमीटर मोजणारा मी, एका अर्धविरामासाठी तीन तास बसायचो. एवढंच सांगतो की मी हुशार होतो म्हणून निभावलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आता ते का निभावलं ते बघा. १९९८ चा शेवट. जगभरातल्या बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत साठवलेलं होतं. पंचकार्डावर ८० रकाने असायचे, मेमरी सोन्याच्या भावाची होती, तेव्हा '१९' कशाला लिहा? वाचले दोन रकाने. पण २००० साल उजाडलं की '००' येणार आणि यंत्र त्याला १९०० समजणार. व्याजाची मुदत वजा शंभर वर्षं! हे निस्तरायला जगाला ३०० ते ६०० अब्ज डॉलर लागतील असा गार्टनरचा अंदाज होता. यातला बराचसा कोड कोबॉलमध्ये होता. ही भाषा १९५९-६० मध्ये बनली, आणि तिच्यावर मोठा प्रभाव होता आपल्या त्याच हॉपरबाईंच्या आधीच्या कामाचा. काळाचा फेरा म्हणतात तो हा.

बदल करायचे दोन मुख्य मार्ग होते. एक तर तारखेचा रकाना चार आकडी करायचा, म्हणजे फायली, रिपोर्ट, स्क्रीन सगळं बदलायचं. किंवा 'विंडोइंग' करायचं, उदाहरणार्थ ५० पेक्षा लहान वर्ष आलं तर २०००चं शतक धरायचं, नाहीतर १९००चं. दोन्हींत बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागायची. लाखो ओळी वाचायच्या, तारीख कुठे लपली आहे ते शोधायचं, बदलायचं, तपासायचं. अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० वर नेली. माणसं कमी पडत होती. मला कोर्समध्ये सी, सी प्लस प्लस, जावा शिकवलं होतं. नोकरी लागली ती कोबॉलवर. कंपनीने सहा आठवडे पगार देऊन कोबॉल शिकवलं! म्हणजे गरज असली की कंपनीही फी भरते, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

आणि आता दुसरी बाजू. नॅसडॅकने १० मार्च २००० ला शिखर गाठलं आणि मग जी घसरगुंडी लागली ती २००२ पर्यंत. वाय-टू-केचं काम तर १ जानेवारीलाच संपलं होतं. माझ्याच संस्थेतून, त्याच वर्गांतून, जवळजवळ तोच अभ्यासक्रम शिकून २००१ मध्ये बाहेर पडलेली मुलं मला माहीत आहेत. त्यांच्यातले कित्येक आमच्यापेक्षा तयारीचे होते. त्यांना वर्ष-दीड वर्ष नोकरी नव्हती. कुणाला ऑफर लेटर देऊन 'जॉइनिंग कळवू' म्हणून लटकत ठेवलं. घरी कर्जाचा हप्ता चालू. मोठ्या शिक्षणसंस्थांच्या धंद्यालाही जबर फटका बसला आणि चौकाचौकातले पहिल्या मजल्यावरचे क्लास एकेक करून मिटले.

त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय होता? अक्कल नव्हे, मेहनत नव्हे. फक्त तारीख. आमच्या घरात सांगतात त्या शौर्यकथेत ही तारीख कुणी सांगत नाही. मीही सांगत नव्हतो.

बाबांचं काय झालं? त्यांना बँकेने एएलपीएमनंतर आणखी दोनदा प्रशिक्षणाला पाठवलं. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, जवळजवळ एक लाख लोक बाहेर पडले, त्यात बाबाही. निवृत्त होताना शाखेतल्या नव्या मुलांना सिस्टिम शिकवून बाहेर पडले. कॉम्प्युटर मुर्दाबाद म्हणणारा माणूस!

या गुरुवारी मुद्दाम त्यांना फोन केला. आता एक्क्याऐंशी वय, पण स्मरणशक्ती खणखणीत. विचारलं, "बाबा, १९८७ च्या ट्रेनिंगची फी किती होती हो?"

"फी?" ते खो खो हसले. "अरे, फी कसली? पगारी ट्रेनिंग. वर टीए-डीए. आणि मशीन चालवायचा स्पेशल अलाउन्स वेगळा. करारातच होतं सगळं. कॉम्प्युटर आला म्हणून एकाचीही नोकरी जाणार नाही, हे आधी लिहून घेतलं, मग मशीनला हात लावला."

आणि मग थोडं थांबून, "तुझ्या वेळी मला तेच खटकलं होतं. गरज त्यांची, पैसे आपले. पण तुझा चेहरा बघून बोललो नाही."

सत्तावीस वर्षं हे वाक्य त्यांनी पोटात ठेवलं होतं. मी फोन ठेवल्यावर थोडा वेळ नुसता बसून होतो.

आज हा प्रकार आणखी पुढे गेलाय. अमेरिकेत २०१७ मध्ये लॅम्ब्डा स्कूल निघालं. आत्ता फी नको, नोकरी लागली की पगारातून द्या. ऐकायला किती छान! पुढे त्याचं नाव ब्लूमटेक झालं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने त्यावर कारवाई केली. हे कर्जच होतं आणि ते कर्ज नाही असं भासवलं, हा ठपका. शिवाय नोकरी लागण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांपर्यंत असल्याची जाहिरात, प्रत्यक्षात ते ५० च्या आसपास आणि काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली. म्हणजे आता फी ना लष्कर भरतंय, ना कंपनी, ना वडील. भरणारा म्हणजे भविष्यातला तो विद्यार्थी स्वतः, ज्याला आपल्याला नोकरी लागेल की नाही हेच ठाऊक नाही.

त्यात भर म्हणजे नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. मी १९९९ मध्ये केलं ते काम, लाखो ओळींत तारखा शोधा आणि बदला, हे आता यंत्राला सांगता येतं. नवख्याला हात बसवायला जे सोपं काम देत असत, नेमकं तेच सगळ्यात आधी यंत्राकडे चाललंय असं माझ्या टीममध्ये तरी मला दिसतं. मी स्वतः गेल्या दोन वर्षांत रात्री जागून पुन्हा लिनियर अल्जिब्रा शिकलो, वयाच्या पन्नाशीनंतर. पण मी पगार चालू असताना शिकलो. भाचा पगार सोडून शिकणार आहे. फरक मोठा आहे.

मित्राचं सांगायचं राहिलं. तो भोसरीतच राहिला. पुढे शॉपमध्ये सीएनसी मशिनं आली, कंपनीने त्याला तीन आठवडे मशीन बनवणाऱ्यांकडे शिकायला पाठवलं, आणि तो प्रोग्रामिंग शिकला. जी-कोड. तेही प्रोग्रामिंगच की. आज तो एका मोठ्या टूलरूममध्ये प्रोग्रामिंगचा प्रमुख आहे. बहिणींची लग्नं झाली, घर झालं. पगार माझ्या निम्मा असेल. गेल्या वर्षी भेटला तेव्हा निघताना हसत म्हणाला, "परीक्षा तर आपण दोघंही पास झालो होतो रे." मी काय बोलणार?

तर भाच्याला काय सांगायचं ते काल रात्री ठरवलं. 'मी केलं म्हणून तूही कर' हे सांगणार नाही, कारण मी केलं ते १९९८ मध्ये. 'करू नकोस' हेही सांगणार नाही, कारण हा धंदाच बाहेरून आलेल्यांनी उभा केलाय आणि एकतीस हे काही वय नाही, कोहलींच्या मानाने तर पोरवयच.

त्याला तीन गोष्टी विचारणार आहे. एक, तुझ्या कारखान्यात क्वालिटीचा डेटा ढिगाने पडलेला असणार, त्यावर काम करायला त्यांना माणूस नकोय का? तोंड उघडून विचारलंस का, की मला शिकायला पाठवा, निदान अर्धी फी तरी भरा? आजोबांनी विचारलं होतं, आणि त्यांना मिळालं. दोन, कोर्सवाले नोकरीचं जे प्रमाण सांगतात ते कुठल्या वर्षीचं, किती मुलांचं, आणि त्यातली दोन-तीन मुलं तुला फोनवर भेटतील का? तीन, सहा महिने नाही, बारा महिने पगार आला नाही तर घर कोण चालवणार? बायकोशी हे बोलला आहेस का, की नुसतं मामाशी?

आणि तिन्हींची उत्तरं देऊनही त्याला जायचंच असेल, तर फ्लॅटचा सहा महिन्यांचा हप्ता मी भरणार. उसने नाही, परत नकोत. माझे सत्तर हजार बाबांनी कधी परत घेतले नाहीत, मी दोनदा देऊन पाहिले होते.

आत्ताच त्याला मेसेज टाकलाय. दुपारी जेवायला ये, बायकोला घेऊन ये, आणि येताना घरखर्चाची वही आण.